आवणीची अवनी

सर, तुमाला जाऊन लई वर्षं झाली. हा कागद कुटं पाठवायचा न्हाई, तरी लिव्हते. माझं शिक्षण चौथीपतूरचं, चुका काढत बसू नका.

विद्यापीठाचं पुस्तक निघतंय, पहिल्यापासनंच्या इमारतींचं आन मोठमोठ्या सरांचं. हाफिसातली एक पोरगी घरी येऊन वाचून दाखवत होती. आधी पत्र्याच्या खोल्या, मग दगडी लायब्ररी, मग टेकाडावरचं होस्टेल, सगळं बरोबर. शेवटाला आमच्या भाताच्या खाचरावर बांधलेला हॉल, 'अवनी'. त्याच्याफुडं लिव्हलेलं, अवनी म्हंजी पृथ्वी, लई विचार करून ठेवलेलं नाव. तुमचं नाव कुटंच न्हाई. तुमी मोठ्या पदावर न्हवता म्हणं.

मग मीच सांगितलं तिला. पत्र्याच्या खोल्या होत्या तवाची गोष्ट, मी विद्यापीठाच्या मेसमधी भाकऱ्या थापतीये, तुमी शहरातनं नवेच आलेले. मी म्हणलं, उद्यापासनं जेवायचं तुमचं तुमी बघा, आवणी हाय. तुमी काळजीनं इचारलंत, "अवनी कोण, तुमची मुलगी? बरं नाही का तिला?"

"पोरगी न्हाई सर, चिखल हाय. भात लावायचाय."

चष्मा काढून हसला होता तुमी. दुसऱ्या दिशी अख्खा वर्ग खाचरात, पॅन्टी गुडघ्यावर. रोपं अशी वाकडी लावलीत की सासरे मागनं उपटून परत लावत होते, आन म्हणत होते, मास्तर, तुमी आपलं फळ्यावरच लिवा. तरी दर साली आवणीला तुमी यायचा. पोरांना म्हणायचा, चला, अवनीला भेटून येऊ. तीच पोरं फुडं विद्यापीठात मोठ्या पदावर गेली. तुमी गेला, खाचर गेलं, हॉल झाला, तवा त्यांनी हेच नाव धरलं.

हे ऐकून हाफिसातली पोरगी अडखळली. "आजी, हे कसं छापायचं? सरांची चूक दिसेल."

"दिसू दे. त्यांच्या नावासकट छाप, न्हाईतर माझ्या खाचराचं एक अक्षर लिव्हू नको."

काल पुस्तक आलं. नातवानं वाचलं. तुमी हाय त्यात, चिखलात उभे, नावासकट. तुमाला आवडलं असतं का रागावला असता, आता कोण सांगणार.

गावात समदी म्हणतात, जमीन गेली, म्हातारीच्या लई जिवाला लागलं. मी बी मान हलवते, कशाला वाद. पण सर, खरं सांगते, पाऊस धरला की मला खाचराची सय येत न्हाई. तुमची येते.