पिराजी अण्णांच्या नावाची बाटली

सोमवार, ४ जुलै १९९४

शी! गुंडोच्या हातून आज पुन्हा नळ्यांचा ट्रे पडला. पारा खोलीभर. शेषगिरी सुपरवायझर दारातूनच म्हणाला, झाडूनं लोटा. झाडूनं! अर्धे थेंब फरशीच्या भेगांत गेले. दुपारी पत्रा तापला की त्यांची वाफ होणार आणि ती आमच्या नाकात. पण वाफ दिसत नाही ना, मग ती नाहीच — असा ह्या थर्मामीटरच्या कारखान्याचा कायदा. भिंतीत पंखा आहे. तपासणीचे साहेब येतात त्या दिवशीच फिरतो. आणि पाऱ्यावर उतारा काय, तर रोज सकाळी गुळाचा खडा!

प्रिन्सिपॉलशी भांडून कॉलेज सोडलं आणि ह्या घाणीत आलो, दीड वर्ष झालं. का आलो ते वहीत लिहायला लाज नाही. पारा भरायच्या टेबलावर पिराजी अण्णा बसतात, आणि त्यांचा डबा त्यांची मुलगी संयोगिता आणते.

मंगळवार, ५ जुलै

ती आली नाही. तोंडाला दिवसभर पितळेची चव. कँटीनचं सांबारसुद्धा पितळच.

शनिवार, ९ जुलै

पक्क्या कामगारांना चिठ्ठ्या वाटल्या, जयनगरच्या लॅबमधे रक्त तपासून घ्यायच्या. आम्ही हंगामी — आम्हाला चिठ्ठी नाही. आम्हाला रक्तच नसावं बहुतेक.

ज्याचं रक्त कमी, तो घरी. औषध नाही, दुसरं खातं नाही. पारा ह्यांचा आणि शिक्षा आम्हाला! गेल्या साली विठोजींना असंच काढलं. बनशंकरीच्या देवळासमोर फुलं ओवत बसतात आता, सुई दोऱ्याला सापडत नाही. अण्णांचं तेच होणार. तोंड पांढरंफटक, पाण्याचा लोटा दोन्ही हातांनी धरतात. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत.

संध्याकाळी गेटपाशी संयोगिता थांबली होती. माझ्यासाठी! म्हणाली, चिठ्ठीवर नाव आणि बिल्ल्याचा नंबर एवढंच असतं, फोटो नसतो. मग खाली बघत—

"अण्णांच्या जागी तुम्ही जाल? तुमचं रक्त तरुण आहे."

नाही म्हणणार कोण! घरापर्यंत चालत आलो, बसची आठवणच झाली नाही.

रविवार, १० जुलै

अण्णा तयार होईनात. माझ्या नावानं तू कशाला टोचून घेतोस मगा, पोरा, म्हणाले. संयोगितेनं चिठ्ठी त्यांच्या खिशातून काढून मला दिली.

सोमवार, ११ जुलै

दिलं. लॅबवाल्यानं मान वर केली नाही. वय विचारलं, मी चौपन्न म्हणालो, त्यानं चौपन्न लिहिलं! शीर सापडेना, दोनदा टोचलं. हात थरथरत होता माझा. तिचाच विचार डोक्यात, दुसरं काय.

हिरड्यांतून रक्त येतंय. ब्रश बदलायला हवा.

मंगळवार, १९ जुलै

अण्णांना काढलं.

रिपोर्टात हिमोग्लोबिन सात. तेरा तरी हवं म्हणे. शेषगिरीनं सगळ्यांसमोर आकडा वाचला, वर गूळ खात नव्हता का म्हणून विचारलं. मी त्याची कॉलर धरली. तो नुसता "सरी, सरी" — बरं, बरं — करत मागे सरकला. गुंडोनं मला ओढलं नसतं तर आज दात पाडले असते. अण्णांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. तो ठेवायलासुद्धा दोन हात लागले.

लॅबवाले चोर! बाटल्या बदलल्या हरामखोरांनी. उद्या जाऊन काचा फोडतो.

बुधवार, २० जुलै

लॅबला निघालो होतो. संयोगिता गल्लीतच भेटली. बाटल्या बदलल्या, बाटल्या बदलल्या, म्हणून मी ओरडत होतो. तिनं माझी बाही वर केली. सुईची जागा नवव्या दिवशीही काळीनिळी.

"बाटली बदलली नाही," म्हणाली. "तुमचीच होती."

अण्णांना माझ्या रक्तानं काढलं.

ती हात सोडेना. दीड वर्ष ह्याचीच वाट बघितली होती. तिनं धरला, तर तो थरथरायचा थांबत नव्हता.