बरण्यांतली रोझमेरी नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
वनस्पती आरोग्य विभाग,
विभागीय कृषी कार्यालय, बेनिरोमा, स्पेन.

विषय: टिश्यू कल्चरने वाढवलेली रोझमेरीची रोपे नष्ट करण्याची कारवाई आजच थांबवण्याबाबत.
संदर्भ: आपला दि. ३ जुलैचा आदेश, जो निरीक्षक श्री. एलाडिओ फेरांदिस यांनी आज मला बंद दाराबाहेरून वाचून दाखवला.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी कासिल्दा मीरा, येथील सहकारी रोपवाटिकेच्या प्रयोगशाळेत काम करते. हा अर्ज रोपांच्या खोलीत बसून लिहीत आहे. दाराला आतून कडी आहे. ती मीच लावली आहे.

२. बदामांवरचा रोग आमच्या खोऱ्यात शिरल्यावर, रोगी झाडाभोवती हद्द आखून तिच्यातली लागण होऊ शकणारी सर्व झाडे आपण उपटवून जाळलीत. त्याबद्दल तक्रार नाही. माझी मावशी विसेंता मधमाश्या पाळते, त्या डोंगरावर पांढऱ्या फुलांच्या रोझमेरीचे एक जुने झुडूप होते. भोवतालचे बदाम वाळून गेले, तरी ते हिरवेगार राहिले. आपल्या विभागाने दोनदा तपासले. रोग सापडला नाही. तरी हद्दीत येते म्हणून तेही जाळले गेले.

३. यंत्र आले तेव्हा मावशी झुडपाला पाठ लावून बसली होती. तिला मीच उठवले. म्हटले, "ऊठ गं मावशी. त्याचे शेंडे मी आधीच नेलेत. बरणीत वाढवते." ती म्हणाली, "बरणीत ऑलिव्ह मुरवतात, पोरी. झाड कसलं वाढतंय!" पण माझ्या शब्दावर उठली.

४. शेंड्याचा दाण्याएवढा तुकडा निर्जंतुक करून बंद काचेत, खळीसारख्या घट्ट पोषक थरावर ठेवावा लागतो. पहिली खेप काळी पडली, दुसरीला बुरशी लागली. तिसरीला फुटवे आले आणि आता मुळे धरत आहेत. जगात त्या झुडपाचे एवढेच उरले आहे. परंतु आदेशात "हद्दीतील सर्व रोझमेरी" असे शब्द आहेत आणि प्रयोगशाळा हद्दीत आहे.

५. हे सर्व मी श्री. फेरांदिस यांना सांगितले. ते म्हणाले, "बाई, डोंगर आणि बरणी यांतला फरक मला कळतो. आदेशाला कळत नाही, त्याला मी काय करू?" मग त्यांनी खोलीची वीज तोडायला लावली. गार हवा बंद आहे. बरण्यांना आतून घाम फुटला आहे. या उकाड्यात पाने लवकरच काळी पडतील. म्हणजे दार उघडले तर रोपे आपल्या हातून मरणार, न उघडले तर माझ्या.

६. वरील वाक्य लिहीत असतानाच बाहेरून मावशीचा आवाज आला, "कासिल्दा, उघड गं. माझं झुडूप गेलं तर जाऊ दे. तू नको गुदमरू." मी लिहीत राहिले. मग दिवे लागले, गार हवाही सुरू झाली. दाराला तोंड लावून श्री. फेरांदिस हळूच म्हणाले, "अर्ज लिहिताय ना? फटीतून सरकवा इकडे. तो दाखल झाला, की निकाल लागेपर्यंत मला एका बरणीलाही हात लावता येत नाही. आटपा."

७. सबब विनंती, की या अर्जावर आपण सर्व बाजूंनी, अजिबात घाई न करता विचार करावा. मुळे पक्की व्हायला अजून अवकाश आहे.

आपल्या निर्णयाची शांतपणे वाट पाहणारी,
कासिल्दा मीरा
बेनिरोमा, दि. ९ जुलै

सोबत: झुडपाचे दोन्ही तपासणी अहवाल.