नळावरचा तणाव

धुळे, ११ मार्च १९९४

चि. यादव यास जीवराममामाचे अ. उ. आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

कालच्या अंकात तुझी बातमी वाचली : ‘हंडा हलविल्यावरून एरंडोलच्या वस्तीत तणाव’. खाली ‘सध्या तणावपूर्ण शांतता आहे’ ही तुमची ठेवणीतली ओळ. गेल्या महिन्यात बैल उधळला तेव्हा तणाव होता. बालवाडीचा पत्रा उडाला तेव्हाही होता. रेडिओवर तणाव, रविवारच्या पुरवणीत मानसिक तणाव. आमच्या कार्यालयातील नव्या लिपिकाने तर ताळेबंद जुळेना म्हणून तणावाची रजा मागितली.

एरवी मी हसून सोडले असते. परंतु ही बातमी झुंबरबाईंच्या घरीही वाचली गेली. त्यांच्या चुडामणशी आपल्या लताचे लग्न जमल्यापासून त्या घरात एरंडोलची प्रत्येक बातमी मोठ्याने वाचली जाते. त्यांनी साखरपुडा तूर्त थांबवावा, असा निरोप धाडला आहे. जिथे पोलीस बसवावे लागतात तिथे पाहुणे कसे न्यावेत, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या वस्तीच्या नावापुढे हा शब्द आला की वाचणारा काय समजतो, ते तुला ठाऊक आहे.

नेमके काय घडले, ते विशेषणांवाचून कळव. ती. अक्कास जयभीम. लोभ आहेच, तो तुझ्या बातम्यांपासून जपावा.

तुझा मामा,
जीवराम


एरंडोल, १६ मार्च १९९४

ती. मामांचे सेवेशी, यादवचा सविनय जयभीम. वि. वि.

पोलीस आले नव्हते. नळ पहाटे येतो, म्हणून बायका आदल्या संध्याकाळीच हंडे रांगेत ठेवून घरी जातात. जिथे हंडा, तिथे त्या बाईचा नंबर. सुमनबाईंचा हंडा मागे सरकलेला दिसला, त्यांनी लिलाबाईंवर आळ घेतला, शब्दाला शब्द लागला. पाणी भरून झाल्यावर दोघी एकाच ओट्यावर चहा पीत होत्या. तो चहा मी बातमीत घेतला नाही.

पाणी दिवसाआड येते, ही साधी बातमी मी आधी दोनदा पाठवली होती. छापली नाही. मग ‘तणाव’ घातला, तर चौकटीत आली आणि पाठोपाठ टँकरही आला. तेव्हापासून हात आपोआप त्याच शब्दाकडे जातो.

लता ताट समोर आदळते. आई म्हणते, बहिणीचं लग्न मोडून कोणता पेपर चालवतोस? खुलासा छापून आणू का? आपण म्हणाल तसे करीन. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपला भाचा,
यादव


धुळे, २१ मार्च १९९४

चि. यादव यास अ. उ. आशीर्वाद.

खुलासा मुळीच देऊ नकोस. ‘तणाव निवळला’ असे छापतील, आणि तणाव होता हे कायमचे पक्के होईल.

झुंबरबाईंना भेटून आलो. ओट्यावरच्या चहाचेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पण वाचलेल्या अन् ऐकलेल्या दोन्हींवर त्यांचा सारखाच अविश्वास. स्वतः येऊन नळ पाहणार म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत. लताला नटवू नका. नळावरच्या कोणाला पढवूही नका.

तुझा मामा,
जीवराम


एरंडोल, ४ एप्रिल १९९४

ती. मामांचे सेवेशी, सविनय जयभीम. वि. वि.

झुंबरबाई परवा संध्याकाळच्या एस.टी.ने आल्या. सोबत स्वतःची कळशी. ती त्यांनी रांगेत शेवटी ठेवली आणि आपल्याकडे मुक्काम केला. पहाटे लिलाबाईंनी कळशी कोणाची ते विचारले आणि पाहुणीची म्हणून उचलून पुढे ठेवली. सुमनबाईंनी ती आपल्या हंड्याच्याही पुढे नेली. मान कोणी द्यायचा, यावरून दोघींची पुन्हा जुंपली. झुंबरबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, “इतला तणाव ते मना घर रोज ऱ्हास.” त्यांच्या घरी एवढा तणाव रोजचाच, तर आपल्या नळाचे काय मोठे!

भरलेली कळशी लताने उचलली. घरी येताच त्यांनी साखरपुड्याला येत्या रविवारचा होकार दिला.

मी बातमी लिहिली : ‘पाहुण्या बाईंची कळशी रांगेत पुढे कोणी ठेवावी, यावरून नळावर दोघींत वाद झाला. नंतर दोघींनी मिळून ती भरली.’ छापणार नाहीत, असे कळले. म्हणून आपणांसच पाठवली. लोभ पूर्ववत व्हावा.

आपला भाचा,
यादव


धुळे, ७ एप्रिल १९९४

चि. यादव यास अ. उ. आशीर्वाद.

तुझी बातमी झुंबरबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली आणि कळशीला ‘पितळी’ लिहायचे राहिले, एवढी दुरुस्ती सुचवली. मलाही ती मान्य आहे.

आम्ही रविवारी पहिल्या गाडीने निघतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळीही आपली कळशी रांगेत लावायची, असे त्यांनी आताच बजावले आहे. ती कोणी हलवली, तर मला कळव, दैनिकाला नको.

तुझा मामा,
जीवराम