डावीकडे टेम्पो, समजलं

३ जानेवारी

झाली एकदाची टक्कर! आणि कुणाशी? घरच्या घरी! हे गाडी घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत येत होते, मागून आमची नात स्वरा स्कूटीवर. ह्यांनी ब्रेक दाबला. का? तर पुढं कबुतर बसलं होतं! ते उठेपर्यंत हे थांबले. स्वरा नाही थांबली.

लागलं कुणालाच नाही. गाडीचा मागचा दिवा गेला, स्कूटीचा पुढचा. कबुतर तिथंच दाणे टिपत होतं.

मग फाटकातच सुरू. "म्हातारी माणसं रस्त्यात झोपतात!"— ही नात. "पोरं रस्त्यावर उडतात!"— हे आजोबा. एक एकोणीस वर्षांची, एक त्र्याहत्तर वर्षांचे, आणि ऐकायला अख्खी बी विंग गॅलरीत. मी मधे पडले नाही. मी गाडीतच होते, पट्टा निघत नव्हता.

४ जानेवारी

सोसायटीची तातडीची मीटिंग. विषय— कबुतर नव्हे, आम्ही.

चेअरमन उभे राहिले. "आपल्या आवारात गाड्या ठोकणारे दोनच. एक ज्यांना दिसत नाही, दुसरे जे बघत नाहीत." टाळ्या! ठराव झाला— पासष्टच्या वरच्यांनी आणि एकविसाच्या खालच्यांनी आवारात गाडी चालवायची नाही. सगळे हात वर. चेअरमन स्वतः अडुसष्टचे, हे सह्या झाल्यावर लक्षात आलं. त्यांची नवी कोरी गाडी आता बाहेर, तारापूरच्या ट्रकांची धूळ खात.

घरी येऊन मी मोजलं. हे बाद. स्वरा बाद. मुलगा मनीष— म्हणजे स्वराचा बाप— वयानं बसतो, पण तो नोकरीला वापीला, पोर शिकायला आमच्याकडे. राहिले मी, चौसष्ट. म्हणजे ठरावाप्रमाणे आमच्या घरात गाडी चालवायला लायक माणूस एकच— जिला गाडी चालवता येत नाही! हसून हसून ठसका लागला. हे हसले नाहीत.

७ जानेवारी

ह्यांनी तोड काढली. चालवायला बंदी आहे ना? मग चालवायचीच नाही. फाटकाशी इंजिन बंद, हे स्टिअरिंगवर, मागून स्वरा आणि तिचा मित्र मेहुल ढकलणार. वॉचमन शिट्टी मारत पुढं— "अंकलजी, इंजन बंद है ना? पक्का?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या म्हाताऱ्यांनी हेच सुरू केलं. फाटकाबाहेर रांग! आत म्हातारे ऐटीत बसलेले, मागं घामाघूम पोरं. चेअरमनना ढकलायला कुणी मिळेना. शेवटी मेहुलच गेला, पण आधी त्यांच्याकडून क्रिकेटसाठी पार्किंगची जागा कबूल करून घेतली. हुशार आहे मेला.

८ जानेवारी

उतारावर चेअरमनची गाडी पोरांच्या हातून सुटली. तुळशीवृंदावन गेलं. इंजिन बंद होतं, म्हणजे नियमभंग नाही.

१० जानेवारी

शनिवार. केळव्याला जाऊन आलो, आम्ही दोघंच.

हे लिहून ठेवायलाच हवं. आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे— गॅस बंद केला का, गोळी घेतली का, पंप लागला का. शनिवारी मात्र गाडीत बसायचं, पालघर, माहीम करत समुद्रावर जायचं, शहाळं प्यायचं, सुरूखाली बसायचं, परत यायचं. चष्म्याशिवाय मला वर्तमानपत्र वाचता येत नाही, पण त्या रस्त्यावरचा खड्डा न खड्डा पाठ आहे.

गाडीतसुद्धा गप्पा मारत नाही म्हणा. ह्यांची आयुष्यभराची नोकरी पॉवर स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये. तिथली शिस्त अशी, की कुठलीही गोष्ट एकदा बोलून भागत नाही. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, मग पहिल्यानं "बरोबर" म्हणायचं. तोपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. रिटायर झाले आणि ही शिस्त गाडीत आली. मी डावीकडे बसते, डावीकडचं सांगायचं काम माझं.

"डावीकडे टेम्पो."

"डावीकडे टेम्पो, समजलं."

"बरोबर."

कुंभवली नाक्यावर हे करता करता टेम्पो निघून जातो, त्याचा धूरसुद्धा विरतो. मागचे हॉर्न वाजवून कान किटवतात. पूर्वी मी चिडायचे— मी काय तुमची ट्रेनी आहे? आता सवय झाली. परवा देवळात शेजारच्या बाईंना म्हटलं, "डावीकडे पायरी." त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. मी तिथंच उभी, परत म्हणायची वाट बघत!

११ जानेवारी

मनीषचा फोन. कुणीतरी त्याला ढकलगाडीचा व्हिडिओ पाठवला. "आई, हे काय चाललंय? बाबांचं वय झालंय, स्वराला अक्कल नाही. गाडी विकून टाकतो."

हे शेजारीच बसले होते. सगळं ऐकू आलं. जेवले नाहीत नीट. मग उठून गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि खिशात ठेवली. झोपतानासुद्धा खिशातच.

किल्ली गेली तर हा माणूस खचून बसेल. आणि माझा शनिवार जाईल. मला भीती वाटतेय, खरंच वाटतेय.

१३ जानेवारी

तिकडं वापीला उत्तरायणाची सुट्टी, म्हणून मनीष आला. तिळगूळ बाजूला, आधी भांडण. शेवटी त्यानं ठरवलं— उद्या परीक्षा! केळव्याला जाताना स्वरा चालवणार, येताना बाबा. जो जिंकेल त्याच्याकडे किल्ली, दोघंही नापास तर गाडी विकायची. आणि परीक्षक? मी! कारण मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून मी निःपक्षपाती!!

अट एक— परीक्षकानं बोलायचं नाही. एक अक्षर नाही. मी म्हटलं, ठीक आहे. आवळासुपारीची डबी पर्समध्ये टाकली. तोंड भरलेलं असलं की बोलणं येत नाही.

१४ जानेवारी

हातांना अजून बोंबलांचा वास मारतोय. तरी लिहिते.

जाताना स्वरा बरी चालवत होती. एका हातानं, पण बरी. हे शेजारी बसून सूचना देत होते— "पुढं गतिरोधक." ती नाटकीपणानं— "पुढं गतिरोधक, समजलं आजोबा, धन्यवाद आजोबा." माहीमच्या वळणावर मात्र तिनं एसटीला असं काही ओव्हरटेक केलं, की मनीषनं मागं माझा हात धरला! चाळिशीचा घोडा! मी सुपारी चावली. मार्क कापले.

येताना हे स्टिअरिंगवर, मी शेजारी, बापलेक मागं. ह्यांनी आधी सगळ्यांना रस्ता समजावून सांगितला, कंट्रोल रूममध्ये सांगत तसा. मग निघालो. माणसाच्या चालीनं. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला, वर हात हलवून गेला. मनीषनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, मनात— हळू तर हळू, पास होतील.

खाडीच्या बाजूला रस्ता अरुंद होतो. तिथं डावीकडं बांबू उभे करून दोरांवर बोंबील वाळत घातलेले. घराएवढा मांडव! न दिसायला ती काय सुई आहे? समोरून ट्रॅक्टर आला. ह्यांनी गाडी डावीकडं घेतली. अजून डावीकडं. मला वाटलं, आता वळवतील. आता वळवतील. तोंडात सुपारी, परीक्षकाची अट...

गेलो थेट मांडवात! सावकाश. अगदी सावकाश. बांबू एकेक करून आडवे होत होते आणि हे शांतपणे समोर बघत चालवत होते. काचेवर बोंबील, टपावर बोंबील, माझ्या खिडकीतून आत बोंबील! स्वरा किंचाळली तेव्हा थांबले.

"काय झालं?" म्हणाले. काय झालं म्हणे!

मांडव तिथल्या कोळीण नर्मदाबाईंचा. कमरेला पदर खोचून धावत आल्या. "ओ काका! तुमाला दिसलं नाय? एवडा मांडव हाय! आमी काय रस्त्यात घातलाय?" मग गाडीकडं बघितलं आणि हसायलाच लागल्या. "गाडी पन वालत घातली जनू!" मनीष पाकिटाला हात घालायला लागला, तर ओरडल्या— "पैसं नको. आदी सगलं परत टांगा. ऊन हाय तवर टांगा."

टांगलं मग. मनीष आणि स्वरानं बांबू उभे केले. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरावर टाकायची. मनीषच्या जोड्या सुटून पडत होत्या, स्वराला पटकन जमलं. हे गुमान उभे. नर्मदाबाईंनी ह्यांच्यापुढं टोपली धरली, डावीकडून. हे घेईनात. "घ्या ना, काका!" आवाज ऐकून मान वळवली, तेव्हा कुठं घेतली. दुसरी टोपली आली, परत तेच. "काका रागावलं काय?" त्या मला म्हणाल्या.

मी सुपारी थुंकून टाकली. ह्यांच्या डाव्या बाजूला गेले. गालाशी हात हलवला, मग एक बोंबील हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. उजवीकडून हलवला— "अगं, काय चावटपणा आहे!"

इतकी वर्षं मला वाटायचं, हे गाडी चालवतात आणि मी बडबडते.

१६ जानेवारी

पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काचबिंदू. डावा जवळजवळ गेलाय, उजवा चांगला आहे, थेंब घालून तसाच राखायचा. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

हे माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "डावीकडे ही असते ना. मी कशाला बघू?"

डॉक्टर हसले. मला रडू आलं. सगळ्या पेशंटांसमोर!

१७ जानेवारी

कुणी काही बोलायच्या आत ह्यांनीच केलं. कपाटातून लाल टॅग काढला, नोकरीच्या वेळचा. प्लांटमध्ये एखादं यंत्र बंद ठेवायचं असलं की हा बांधतात— "चालवू नये". खाली आपलं नाव लिहिलं, तारीख घातली आणि स्टिअरिंगला बांधून आले.

मनीष निघताना म्हणाला, "बरं झालं. आता गाडी विकू." आणि टॅग सोडायला गेला. मी त्याच्या हातावर चापट मारली. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा, असा नियम आहे तिथला. चीफ इंजिनिअरसुद्धा हात लावत नाही. हा कोण लागून गेला?

२४ जानेवारी

शनिवार. हे गॅलरीत बसून राहिले. रस्त्यावरून टेम्पो गेला. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

२ फेब्रुवारी

स्वराला म्हटलं, शनिवारी तू ने आम्हाला. तोंड एवढंसं करून म्हणाली, "आजी, त्या एसटीनंतर मलाच भीती वाटते गं." मग मोबाइलवरून मान वर केली. माझ्याकडं बघत राहिली. "आजी, तू चौसष्टची ना? ठरावात बसतेस!"

"वेडी आहेस," मी म्हटलं.

३ फेब्रुवारी

वेडी नाही. पोरीनं माझा लायसन्सचा फॉर्म भरला.

१९ मार्च

ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर तेवीस वर्षांचा आहे. मला "माताजी" म्हणतो आणि सतत हँडब्रेकवर हात ठेवून बसतो. आज धिप्पाड म्हैस आडवी आली, तर त्यानंच डोळे मिटले. मी थांबवली गाडी. मी!

ह्यांना सगळं ठाऊक आहे. विचारत नाहीत. रोज सकाळी गाडी पुसतात. टॅगसुद्धा पुसतात, पण सोडत नाहीत.

१६ एप्रिल

पास!! पक्कं लायसन्स!

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मधेच विचारलं, "आजी, तुम्ही कुणाशी बोलताय?" मला कळलंच नव्हतं! आठाच्या आकड्यात मी एकटीच— "डावीकडे खांब. डावीकडे खांब, समजलं. बरोबर."— तिन्ही वाक्यं मीच म्हणत होते.

लायसन्स ह्यांच्यापुढं ठेवलं. फोटो उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघितला. "बरा आलाय," म्हणाले. एवढंच. खाली जाऊन पाहिलं, टॅग तसाच.

१८ एप्रिल

शनिवार. सकाळी खाली गेले तर स्टिअरिंग मोकळं. हे डावीकडच्या सीटवर बसलेले, पट्टा लावून, मान उजवीकडं वळवून. किल्ली पुढं केली.

"शिफ्ट बदलली. चार्ज घे."

मी स्टिअरिंगवर बसले. "शिफ्ट बदलली," म्हटलं. "चार्ज घेतला."

"बरोबर," म्हणाले. "उजवीकडे कबुतर."