उलट्या पावलांनी

अप्पा, तुम्हांला लिहितोय. काल आमच्या कुंभकोणात निवडणूक झाली. तुम्ही होतात तोवर हा शब्द तुमच्या कानावरही आला नसेल. मुनसिपालटीत कोणी बसायचं ते घरपट्टी भरणाऱ्यांनी साहेबापुढे उभं राहून तोंडानं सांगायचं, सगळ्यांदेखत.

इतकी वर्षं तिथे एकच माणूस बसे. त्याच्यापुढे ब्र काढला म्हणून त्यानं शेजारच्या तेलवाल्याचं दुकान रस्त्यात येतं असं ठरवून पाडलं. माझं भांड्यांचं दुकान त्याला लागूनच. गेल्या महिन्यात त्याला काढल्याचा कलेक्टराचा एक कागद आला आणि तो घरी बसला. रस्त्यात कोणी हसलंसुद्धा नाही. मला तंजावरची ती दुपार आठवली. मी सात वर्षांचा. महाराज वारले, मागे मुलगा नाही, म्हणून कंपनीनं राजवाड्याला कुलुपं घातली आणि महाराजांपुढे पानदान धरणारे तुम्ही भरदुपारी घरी आलात. स्वयंपाकघरात मी विचारलं, आता आपणच कुणाला तरी राजा करू या का? फाडकन गालावर बसली. "तोंड मीट! कोणी ऐकेल!" मग माझं रडं थांबावं म्हणून तुम्ही चुलीपुढे मला दरबारातून निघायची रीत शिकवता आहात. हातात पानदान म्हणून तांब्या, मान खाली, उलटी पावलं. "पाठ दाखवूं नको, बाळा. पाठ दाखविली कीं गेलों आपण." मला तो खेळच वाटतो. तुम्ही मात्र घामाघूम.

या वेळी समोरच्या घरातले मास्तर उभे राहिले. रोज संध्याकाळी आमच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, पाय सोडून गप्पा मारणारे. मी त्यांना शब्द दिला होता. "भिऊं नका हो, तो आतां कोणीच नव्हे," ते म्हणाले. तो जुना माणूसही पुन्हा निवडणुकीला उभा होता. काल कचेरीच्या ओसरीवर खुर्ची टाकून पान चघळत बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. कारकुनानं विचारलं, "तुमचं मत कोणास?" मास्तर दोन हातांवर. मी तोंड उघडलं आणि त्याचं नाव बाहेर पडलं.

शिवाय मान खाली घालून मी उलट्या पावलांनी निघालो. उंबऱ्याला अडखळलो तसे लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी दंड धरून मला वळवलं. "वाट इकडे आहे," एवढंच म्हणाले.

अजून निकाल नाही. तो परत आला तर काय, ही भीती आहेच. तो खरंच गेला असेल तर मी काल कुणाला भ्यालो, याची त्याहून जास्त. हा कागद तुम्हांला पोचायचा नाही म्हणून लिहितो: सगळं तुमच्या त्या थपडेवर ढकलायला बसलो होतो. जमलं नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. मास्तर नेहमीसारखे तिण्णैवर येऊन हाक मारताहेत. अप्पा, मी अजून ओ दिलेली नाही.