वाचायचं राहिलेलं प्रकरण

कर्जत, १२ जानेवारी १९७३
दहावीतल्या सिंधूला आज कादंबरी दिली. दुष्काळात शाळा सुटलेल्या मुलीची. ती खडी फोडते, परक्याच्या घरी राबते आणि शेवटी पुन्हा वर्गात येऊन बसते. त्या शेवटासाठीच दिली. म्हटलं, सोसायचं असतं, पण शेवटपर्यंत वाच. सिंधूचं मन शाळेवरून उडत चाललंय. शाळेच्या पुस्तकांचं कपाट मालतीकडे. "पोटात दुष्काळातली सरकारी सुकडी नि हातात कादंबरी," म्हणाली, पण काढून दिली तिनंच. अशी सोबतीण खोलीत आहे म्हणून या गावात निभतंय.

२० जाने.
सिंधू रोज संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचते. वडील दुष्काळी कामावरून आले की ऐकतात. आईला रडू आलं म्हणे. मालतीही जाऊन बसते तिथं. मला बोलली नाही. असो, बरंच वाटलं.

२९ जाने.
मालतीनं पुस्तक परत मागून घेतलं. कपाटातल्या पुस्तकांची मोजदाद आहे म्हणे, हेडसरांनी सांगितलंय. मोजदाद तर मार्चात असते. सिंधूचं नेमकं शेवटचं प्रकरण राहिलं.

३ फेब्रु.
सिंधू शाळेत नाही. घरी गेले. वडील हात जोडून म्हणाले, "पुस्तकातल्या पोरीनं परक्याच्या घरी राबून घर जगवलं. आमची बी जाईल. कोपरगावला पानी हाय, दोन वक्ताचं हाय. मालतीबाईंच्या भैनीचंच घर हाय की."
मालतीच्या बहिणीला मुलं सांभाळायला पोरगी हवी, हे दिवाळीपासून ऐकतेय. सिंधूच, हे आज कळलं. म्हटलं, अहो, ती मुलगी शेवटी शाळेत परत येते.
"मालतीबाई तर म्हनल्या, न्हाई येत."
त्यांचा काय दोष?

४ फेब्रु.
हेडसर म्हणाले, मोजदाद? कसली?
मालती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "इथं उपाशी राहून पास होणार होती का ती? आणि तुझं पुस्तक होतं म्हणून तर बाप तयार झाला."
केसानं गळा कापला. माझ्याच पुस्तकानं. दोघींचा एक स्टोव्ह, एक माठ. आज जेवण गेलं नाही. चीड येते, आणि रडूही.

६ फेब्रु.
हेडसरांकडून कपाट उघडून घेतलं, पुस्तक माझ्या नावावर मांडलं. एस्टी स्टँडवर गेले. सिंधू खिडकीशी, शेजारी मालती, पोचवायला निघालेली. पुस्तक पुढं केलं. सिंधूनं घ्यायला हात बाहेर काढला नाही.
"शेवट ठावा हाय मला, बाई. सोसायचं असतं, तुमीच म्हनला हुता."
म्हटलं, एवढंच नव्हतं गं म्हटलं. वाच तरी.
ती मालतीकडे बघायला लागली. मालती गोड आवाजात म्हणाली, "घे गं, बाई देतायत तर." मग घेतलं. गाठोड्याखाली ठेवलं. गाडी सुटली.

मालती परवा येईल. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. काय करायचं, ठरत नाही.
मार्चात खरी मोजदाद. पुस्तक परत घेऊन कोण येतं...