उभ्याची नोकरी

५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. मनगटाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज पेनाने सावकाश लिहायचं. सातवीत शाळा सोडली तेव्हा वाटलं, पेनातून सुटलो. आता तेच औषध झालंय.

गोदामात बरं चाललंय. मी बॅटरीची गाडी चालवतो, खोकी इकडची तिकडे. मुकादम म्हणतो, महिनाअखेर हो म्हण, कायम करतो. बाकीचे त्या कायमसाठी जीव टाकतात, मला ऐकूनच घुसमटल्यासारखं होतं. जेवताना माझा पाय सारखा हलतो. शेजारचा ड्रायव्हर म्हणतो, याच्या पायाला यंत्र जोडा, गोदामाचे दिवे लागतील.

खरी बातमी ही की कॉम्प्युटर गेमच्या माझ्या जुन्या टीमचा फोन आला. पाचातला एक सोडून गेला, येऊन खेळून दाखव म्हणतात. रविवारी जातोय. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझा धाकटा

१२ मार्च
चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना सांगितलं. माझ्या पोटात कधी काही राहिलंय? ते म्हणाले, कायमची नोकरी सोडून पळणारा आपल्या घरात हा पहिलाच. आईला मी पुन्हा समजावलं, की पडद्यावर पाचजण पाचांवर गोळ्या झाडतात आणि आपला हा कॅप्टन होता, कुणी कुठे जायचं ते ओरडून सांगायचा. आई म्हणाली, त्याचा पगार देत होते? घरी तर फुकट ओरडायचा.

थट्टा राहू दे. शेवटच्या स्पर्धेनंतर तुला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, मी लावून द्यायचे. मी शिवणकामावर जगते, हात गेला म्हणजे काय ते मला कळतं. चोविसाव्या वर्षी निवृत्त झालास तेव्हा तू रडलास, मला मात्र हायसं वाटलं होतं. जा, पण मनगट जप.

तुझी ताई

२० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनगटाने दगा दिला नाही. दगा कानांनी दिला.

आता कॅप्टन एक चष्मेवाली पोरगी आहे, विशीतली. ती म्हणाली डावीकडून, माझं मन म्हणालं उजवीकडून. मी उजवीकडे गेलो आणि मेलो, माझ्यामागे चौघंही मेले. दर डावात हेच. शेवटी ती शांतपणे म्हणाली, दादा, तुम्हाला दिसतं सगळं, पण ऐकू काही येत नाही.

खेळाडू म्हणून नको म्हणाले. कोच म्हणून ये म्हणतात. कोच पाचांच्या पाठीमागे उभा असतो आणि डाव चालू असताना त्याने चकार शब्द काढायचा नाही. बोलला तर पंच दंड करतो. मधे अर्धं मिनिट थांबतात, तेवढंच काय ते बोलायचं. पगार गोदामापेक्षा कमी, तोही एका हंगामापुरता. परवा स्पर्धा आहे, तिथे एकदा उभा राहून बघ म्हणाले. मुकादम रोज विचारतो. काय करू?

तुझा धाकटा

२६ मार्च
चि. भिंगऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तू आणि गप्प! बाबा एवढे हसले की चहा सांडला. मग तो पुसता पुसता म्हणाले, त्याचं त्याला ठरवू दे. मीही तेच म्हणते. पण जे करशील ते पळत सुटायचं म्हणून करू नकोस.

तुझी ताई

३० मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आत स्पर्धा झाली. पहिल्याच डावात माझ्या तोंडून ‘मागे!’ निघालं आणि दंड बसला. अर्ध्या मिनिटाची ती सवड गेली. पोरांनी वळून बघितलं नाही, त्याचंच जास्त लागलं. पुढे ओठ आवळून उभा राहिलो. घाम फुटला, पण उभा राहिलो. हरलो.

बाहेर कॅप्टनने विचारलं, दादा, आमच्या चुका सांगता? माझ्याजवळ ढीगभर होत्या. तरी म्हटलं, आधी तू सांग, तुला काय दिसलं. ती पायरीवर बसून कितीतरी वेळ बोलली. मला दिसलं नव्हतं असं बरंच तिने बघितलं होतं. मी मधे एकदाही बोललो नाही, तुझी शपथ.

आज मुकादमाला नाही म्हणून आलो. बाबांना सांग, पळालो नाही. मला बसून राहायला जमत नाही, कोचची ही नोकरी तर उभ्याचीच आहे.

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा